साठीनंतर ताटातली भाजी वाढवताना

चार माणसांच्या घरात एका वेळेला पाव किलो भाजी आणायची, ही आपल्याकडची रीत इतकी जुनी आहे की त्या पाव किलोचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडून पाहण्यासारखा आहे. दोडक्याच्या शिरा, फ्लॉवरचा दांडा किंवा मेथीची मुळे आणि जाड काड्या टाकून दिल्यावर पातेल्यात जेमतेम 200 ग्रॅम भाजी पडते, म्हणजे माणशी 50 ग्रॅम. दोन्ही वेळची मिळून ती 100 ग्रॅम होते. तिच्यात पानाच्या डाव्या बाजूला वाढलेली दोन चमचे कोशिंबीर आणि दुपारचे अर्धे केळे मिळवले, तरी दिवसाची बेरीज 200 ग्रॅमच्या आतच राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला रोज किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे खायला सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तर 400 ग्रॅम भाज्या आणि त्याशिवाय 100 ग्रॅम फळे असे प्रमाण दिलेले आहे. या दोन्ही हिशेबांत बटाटा धरलेला नाही. त्यामुळे ज्या दिवशी घरात बटाट्याची भाजी होते, त्या दिवशी ती वेळ भाजीच्या खात्यात कोरीच जाते. उपवासाच्या दिवसाविषयी तर बोलायलाच नको, कारण साबुदाणा आणि बटाटा यांच्या जोरावर आपण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करून दाखवतो.

“आम्ही रोज भाजी खातोच की” असे जेव्हा घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा ती खोटे बोलत नसतात. त्यांच्या ताटात भाजी रोजच असते, पण ती पोळी किंवा भात घशाखाली उतरवण्यापुरती असते. म्हणून उतारवयात आहार सुधारायचा म्हटले की अपरिचित पदार्थ घरात आणण्याची मुळीच गरज नसते. ताटात कोण मुख्य आणि कोण तोंडी लावण्यापुरते, एवढी अदलाबदल करावी लागते. तीन पोळ्या आणि अर्धी वाटी भाजी याऐवजी दोन पोळ्या, दीड-दोन वाट्या भाजी, वाटीभर कोशिंबीर आणि दिवसातून एखादे फळ असे प्रमाण झाले, की 400 ग्रॅमचा टप्पा गाठला जातो. पालेभाजी शिजून फार आळते, त्यामुळे तिची वाटी दिसते त्यापेक्षा अधिक भाजी पोटात पोहोचवते. वरणात लाल भोपळ्याच्या किंवा शेवग्याच्या शेंगांच्या फोडी, थालीपिठात किसलेला दुधी, मुगाच्या खिचडीत गाजर आणि घेवडा असे केले तर ज्यांना वेगळी भाजी वाढून घेण्याचा कंटाळा असतो, त्यांच्या पोटातही ती जाते.

आता या वयात हे करून मिळणार काय, असा प्रश्न साठी-सत्तरीच्या माणसाने विचारला तर तो रास्तच आहे. या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीतून मिळते. 45 ते 64 वयाच्या सुमारे पंधरा हजार लोकांची माहिती त्यासाठी तपासण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातून पाच किंवा अधिक वेळा फळे-भाज्या खाणे, नियमित व्यायाम, आटोक्यातले वजन आणि धूम्रपान न करणे या चार सवयी ज्यांनी मध्यम वयात नव्याने अंगीकारल्या, त्यांच्यात पुढच्या चारच वर्षांत इतरांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी आणि हृदयविकाराच्या घटनांचे प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळले. या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. चारही सवयी एकत्र होत्या, त्यामुळे सगळे श्रेय भाजीला देता येत नाही; आणि ही निरीक्षणावर आधारलेली पाहणी होती, ज्यांना सवयी बदलता आल्या ती माणसे मुळातच थोडी अधिक धडधाकट असण्याची शक्यता तिच्यात उरते. तरीही लाभ दिसायला वीस वर्षे थांबावे लागत नाही, हे तिच्यातून पुरेसे स्पष्ट होते.

रक्तदाबाच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे, कारण तिथे माणसांना प्रत्यक्ष ठरावीक जेवण देऊन पाहिले गेले. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अमेरिकी चाचणीत 459 प्रौढांना आठ आठवडे तयार जेवण पुरवण्यात आले. मिठाचे प्रमाण आणि लोकांचे वजन मुद्दाम स्थिर ठेवले होते. फक्त फळे आणि भाज्या वाढवलेल्या गटाचा वरचा रक्तदाब नेहमीचे जेवण घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 2.8 अंकांनी अधिक उतरला. त्यांच्या जोडीला कमी स्निग्धांशाचे दूध-दही देऊन एकूण चरबी कमी केलेल्या गटात हा फरक 5.5 अंकांचा होता आणि तो दोन आठवड्यांतच दिसू लागला. त्यात भाग घेतलेली माणसे बहुतेक मध्यमवयीन होती, हे मात्र सांगितले पाहिजे. रक्तदाब उतरण्यामागचे कारण समजायला अवघड नाही. भाज्या आणि फळे यांच्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ते पुरेसे मिळाले की मूत्रपिंड मिठातले सोडियम अधिक प्रमाणात लघवीवाटे बाहेर टाकते व रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचा ताणही थोडा सैलावतो.

कोलेस्टेरॉलवर होणारा परिणाम वेगळ्याच वाटेने होतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती आतड्यात उतरून चरबी पचवतात आणि काम झाल्यावर त्यांतली बहुतेक पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. भेंडी, गवार, पेरू, सफरचंद यांसारख्या पदार्थांतला पाण्यात फुगणारा तंतुमय भाग यांतली काही पित्ताम्ले धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल उचलून घ्यावे लागते. हा परिणाम गोळीइतका मोठा नसतो, आणि भेंडीचे पाणी पिऊन गोळी बंद करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

वय वाढले की एकूण उष्मांकांची गरज कमी होते, कारण स्नायू घटतात आणि हालचाल मंदावते. परंतु जीवनसत्त्वे, खनिजे आणि तंतू यांची गरज मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणजे कमी खाऊन तेवढेच पोषण मिळवायचे असते, आणि तिथे चकलीपेक्षा पेरू केव्हाही सरस ठरतो. पेरूचा उल्लेख सहज केलेला नाही. वजनाला वजन लावले तर त्यात संत्र्याच्या सुमारे चौपट ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि तरीही आजारी माणसाला भेटायला जाताना आपण दूरवरून आलेले मेण चोपडलेले सफरचंद घेऊन जातो.

खरी अडचण पोटापाशी येते. चाळीस वर्षे पोळी-भाताला सरावलेल्या आतड्यावर एके दिवशी अचानक वाटीभर कोबी, मुळ्याची कोशिंबीर आणि मोड आलेली मटकी येऊन पडली, तर पोट फुगणार, गुरगुरणार आणि “या वयात हे पचत नाही” असा निकाल दोन दिवसांत दिला जाणार, हे ठरलेलेच असते. तंतुमय भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. या आंबण्यातून वायू तयार होतो, पण त्याबरोबरच काही लहान आम्लेही तयार होतात आणि मोठ्या आतड्याचे अस्तर त्यांच्यावरच पोसले जाते. तंतू खाणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढायला आणि आतड्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त एका जेवणातली भाजी दुप्पट करावी, आणि तीही दुधी, पडवळ, लाल भोपळा, घोसाळी अशी मऊ. पुढच्या आठवड्यात एक फळ वाढवावे. कच्ची कोशिंबीर त्यानंतर आणि कोबी-फ्लॉवर-घेवडा सर्वांत शेवटी. महिनाभराने वायूची तक्रार बहुधा कमी झालेली असते. ज्यांची ती कमी होत नाही, किंवा ज्यांचे वजन कारण नसताना उतरते, शौचातून रक्त जाते, त्यांनी भाजीला दोष न देता तपासणी करून घ्यावी.

तंतू वाढवताना पाणी वाढवले नाही तर बद्धकोष्ठ सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते. वयाबरोबर तहान लागण्याची जाणीव बोथट होते, आणि रात्री उठावे लागेल या भीतीने अनेकजण संध्याकाळपासून पाणी तोडतात. सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा मोठा वाटा पिऊन घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली आहे, त्यांनी ती पाळूनच तंतू वाढवावेत.

दात आणि चव यांचाही विचार व्हायला हवा, कारण कवळी बसवलेल्या माणसापुढे गाजराच्या चकत्या ठेवणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखे आहे. सुदैवाने मराठी स्वयंपाकात यावरची उत्तरे आधीपासून आहेत. किसलेल्या गाजराची किंवा बिटाची दही घालून केलेली कोशिंबीर, वांग्याचे किंवा भोपळ्याचे भरीत, डाळ-दाणे घालून घोटलेली चाकवताची किंवा अळूची पातळ भाजी, पिकलेली पपई, चिकू, केळे ही सगळी दातांविना खाता येतात. जिभेची आणि नाकाची धार कमी झाल्यामुळे म्हातारपणी जेवण सपक लागते आणि मग हात मिठाकडे वळतो. रोज एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस असताना लोणचे-पापडाचे पान डावीकडून भरत जाणे परवडणारे नाही. लिंबू, आमसूल, आले, कढीपत्ता, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर यांनी चव उठावदार करता येते. सैंधव वापरल्याने मात्र काही साधत नाही, कारण तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते.

भाजी शिजवावी की कच्ची खावी, या वादात दोन्ही बाजूंचे थोडे-थोडे बरोबर आहे. ‘क’ जीवनसत्त्व आणि ‘ब’ गटातली काही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि उष्णतेने नष्ट होतात, त्यामुळे भाजी आधी धुऊन मग चिरावी, चिरून पाण्यात भिजत ठेवू नये, आणि झाकण ठेवून थोड्या पाण्यात लवकर शिजवावी. पालेभाजी हिरवीगार राहावी म्हणून घातलेला खाण्याचा सोडा दिसायला छान, पण तो ‘क’ आणि ‘ब-1’ या दोन्हींचा नाश करतो. याउलट गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतले ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, ते शिजवल्याने मोकळे होते आणि शोषले जाण्यासाठी त्याला थोड्या तेला-तुपाची सोबत लागते. म्हणजे चमचाभर तेलाची फोडणी ही चैन नसून त्या भाजीची गरज आहे. फक्त वर तरंगणाऱ्या तर्रीचे समर्थन त्यावरून करू नये. पालेभाज्यांतले लोह शरीर आखडत्या हाताने घेते, ते लिंबू पिळल्याने सोपे होते आणि जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने पुन्हा अवघड होते.

सकाळच्या फिरायला जाण्याच्या रस्त्यांवर, बागांच्या दारांशी दुधी, कारले, आवळा यांचे रस विकणाऱ्या गाड्यांपाशी ज्येष्ठांची गर्दी असते. या रसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. रस गाळताना तंतू चोथ्यात जातात, म्हणजे ज्यासाठी भाजी खायची तेच फेकले जाते. फळांच्या रसात तर उरते ती मुख्यतः साखर आणि पाणी. दुधीच्या रसात याहून गंभीर धोका आहे. दुधी, काकडी, पडवळ यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात आणि एखाद्या फळात त्यांचे प्रमाण अचानक फार वाढलेले असते. असा कडू दुधी रसातून पोटात गेल्याने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूदेखील झाल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने यासाठीच बजावले आहे की दुधीची चकती आधी चाखून पाहावी आणि ती कडू लागली तर तो दुधी टाकून द्यावा. “कडू आहे म्हणजे औषधी असणार” ही आपली श्रद्धा कारल्यापुरती ठेवलेली बरी.

औषधे चालू असलेल्या माणसाने ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी का बोलावे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘भाजीने काय होणार’ या समजुतीत इथेच चूक होते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने पोळी-भात निम्म्यावर आणला आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे म्हातारपणी चक्कर म्हणून सोडून दिली जातात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा असेनोकौमारॉल घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात आणि पालक, मेथी, माठ, कोथिंबीर यांत ते जीवनसत्त्व भरपूर असते. अशा रुग्णांनी पालेभाज्या सोडायच्या नसतात, तर आठवड्यातून जितक्या वेळा आणि जितक्या प्रमाणात खातात ते प्रमाण स्थिर ठेवायचे असते. वाढवायचे ठरवले तर आधी डॉक्टरांना सांगून, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर तपासणी करून औषधाची मात्रा जुळवून घ्यावी लागते. श्रावण सुरू झाला म्हणून महिनाभर रोज पालेभाजी आणि नंतर पुन्हा काही नाही, हा क्रम या औषधाला मानवत नाही.

मूत्रपिंड क्षीण झालेल्या माणसाच्या बाबतीत तर वर सांगितलेला बराचसा सल्ला उलटा होतो. जे पोटॅशियम एरवी रक्तदाब उतरवते, ते बाहेर टाकण्याची क्षमता उरली नाही की रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबावरची आणि हृदयासाठीची नेहमीची औषधेही पोटॅशियम वाढवतात. अशा वेळी शहाळ्याचे पाणी, केळी, टोमॅटोचे सार यांवर मर्यादा येते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी ओतून द्यावे, असे सांगितले जाते, जे निरोगी माणसाने टाळायचे असते. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेले असते. कमरख किंवा स्टारफ्रूट हे पाच कंगोऱ्यांचे आंबट फळ, जे शाळेबाहेर तिखट-मीठ लावून आपण आवडीने खाल्ले, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला पूर्ण वर्ज्य आहे. त्यातले विष मेंदूवर परिणाम करते. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिअ‍ॅटिनिन आणि पोटॅशियम यांची साधी रक्ततपासणी झाली की कोण कुठल्या गटात मोडतो ते कळते.

नव्या उत्साहात होणारी आणखी एक चूक म्हणजे रात्रीचे जेवण बंद करून नुसती फळे खाणे. साठीनंतर स्नायू आपोआप झिजत असतात आणि ते राखायला रोज दर किलो वजनामागे साधारण 1 ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने लागतात. 60 किलोच्या माणसाला 60 ग्रॅम. आणि 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून त्यातली जेमतेम 7 ग्रॅम मिळतात. म्हणून भाजीसाठी जागा करायची ती पोळी, भात आणि फरसाण यांतून. डाळ, उसळ, दही, अंडे, मासे यांतून नव्हे. ‘ब-12’ हे जीवनसत्त्व तर कोणत्याही भाजीत किंवा फळात मिळत नाही. शाकाहारी माणसांत, जठरातले आम्ल कमी झालेल्या वृद्धांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत त्याची कमतरता नेहमी आढळते, आणि तळपायांना येणारी बधिरता वयामुळे आहे असे समजून ती तशीच राहते.

मधुमेह्यांनी फळ खावे का, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. रस नको, अख्खे फळ चालते; पेरू, पपई, संत्रे, जांभूळ सोयीची, आंबा-चिकू-सीताफळ मोजून; जेवणावर शिकरण किंवा आमरस नको. जेवताना आधी कोशिंबीर-भाजी, मग पोळी-भात असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो आणण्याचा आणि निवडण्याचा. मुले परगावी आणि घरात दोघेच, अशा घरात मेथीची जुडी निवडायला सांधे दुखणारी बोटे तयार नसतात, आणि आणलेली भाजी फ्रिजमध्ये सडली की पुढच्या वेळी हात आखडतो. यावर आमच्या शेजारच्या एका ज्येष्ठ जोडप्याने काढलेली युक्ती मला आवडली. आठवडी बाजारातून ते दोन-तीन टिकाऊ भाज्या घेतात, जसे लाल भोपळा, गाजर, कोबी, बीट. दोन दिवसांच्या अंतराने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून एक पालेभाजी आणि पाव किलोऐवजी अर्धा किलो फळभाजी घेतात. पालेभाजी संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी वर्तमानपत्रावर पसरून दोघे मिळून निवडतात, आणि न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. काकांना शेपूचा वास अजून सहन होत नाही. शेपू ते मुगाच्या डाळीत लपवून खातात.